राइजर आणि मीठमोहऱ्या

पहिल्याच मॅचमध्ये मी होमरन मारला, तिथेच सगळा घोळ झाला. त्या दिवशी गुपचूप आउट होऊन बसले असते तर उरलेला उन्हाळा सुखाचा गेला असता. पण बॅट लागली ती अशी मधोमध लागली, की हाताला काही जाणवलंसुद्धा नाही. बॉल पलीकडच्या कुंपणावरून गेला आणि नदीकाठच्या काटेरी झुडपांत पडला. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली आमची मराठी मंडळी एकदम उठली, कुणाचा तरी थर्मास लवंडला, आणि माझे सासरे ‘सिक्सर, सिक्सर’ करत शेजारच्या अनोळखी बाईंना टाळी देऊन मोकळे झाले.

हे दोन हजार पाचच्या उन्हाळ्यातलं, म्हणजे तिकडच्या, डिसेंबर-जानेवारीतल्या उन्हाळ्यातलं. आम्ही तेव्हा अप्पर हटमध्ये राहायचो. नवरा रोज सकाळी ट्रेनने वेलिंग्टनला जायचा, कॉम्प्युटरच्या नोकरीवर. मी एका प्राथमिक शाळेत मदतनीस होते. म्हणजे पोरांची नाकं पुसायची, रंग कालवायचे आणि कोण कुणाला चावलं याचा निवाडा करायचा. सॉफ्टबॉल तुला कुठून आला, असं मला तिथले गोरे विचारायचे नाहीत, पुणेकर विचारायचे. अहो, जळगावहून आला. बेसबॉलची धाकटी बहीण म्हणावी असा हा खेळ, बॉल जरा मोठा, हात खालून फिरवून टाकायचा, आणि मारणारीने एकेक बेस, म्हणजे ठाणं, गाठत परत यायचं. आमच्याकडे शाळाशाळांतून मुली खेळायच्या, आणि मी तर राज्याकडून खेळले होते. लग्नाच्या बोलण्यांत हे सगळं ‘मुलीला खेळाची आवड आहे’ एवढ्यात उरकलं, ती गोष्ट वेगळी.

एका संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन येत होते. मैदानावर बायकांचा सराव चाललेला दिसला म्हणून कडेला थांबले. एक चुकार बॉल माझ्याकडे आला. दुधाची बाटली डाव्या हातात होती, उजव्या हाताने बॉल झेलला आणि कसलाही विचार न करता थेट पहिल्या बेसवर फेकला. तिथल्या बाईला हात हलवावा लागला नाही. त्यांची कोच, पन्नाशीची एक माओरी बाई, दिवसा बस चालवायची. ती संथपणे चालत आली आणि मंगळवारी येशील का म्हणाली. त्या देशात येऊन दीड वर्ष झालं होतं. ‘नवरा काय करतो’ हे सोडून मला दुसरं काही विचारणारी ती पहिली बाई, त्यामुळे मी दुधाची बाटली तिथेच ठेवून हो म्हटलं. चौदा नंबरचा शर्ट मिळाला. त्या देशात तेवढी एकच गोष्ट फक्त माझी होती.

सासू-सासरे ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी आले आणि नेमका तोच आमचा मोसम. बाबा विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, तरुणपणी क्लबचं क्रिकेट खेळलेले. इथे येऊन करायचं काय, तर दुपारी खिडकीतून डोंगर बघायचे. त्यात सून शनिवारी मॅच खेळणार हे कळल्यावर त्यांना हुरूपच आला. त्यांनी आधी एका घरी सांगितलं, मग दुसऱ्या. बघता बघता पहिल्याच मॅचला हट खोऱ्यातली सहा-सात मराठी कुटुंबं चिवड्याचे डबे घेऊन मैदानावर हजर झाली. आणि त्या पहिल्या शनिवारी मी, दीडशहाणी, होमरन मारून बसले.

त्यानंतर काही नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही. तिकडच्या पिचर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या बायका, राइजर नावाचा एक बॉल टाकतात. तो येतो कमरेच्या उंचीवर, लाडूसारखा, आता याला फोडावाच असा. आणि बॅट फिरवली की चढतो, पार खांद्याच्या वर. बॅट खालून जाते. हा झाला एक स्ट्राइक, असे तीन झाले की आउट. आमच्या जळगावात हा प्रकार नव्हता. तरी सरावात मी त्याला बरोबर ओळखायचे, सोडून द्यायचे आणि पुढचा बॉल असा हाणायचे की आणायला दोघी जणी पाठवाव्या लागायच्या. शनिवारी मात्र मला तो सोडवत नसे. पाठीमागे वीस-पंचवीस माणसं होमरनची वाट बघत बसलेली, मी सोडू कशी? फिरवायचे. आउट. परत फिरवायचे. परत आउट.

मंडळींनी पहिले दोन शनिवार समजून घेतलं. तिसऱ्या शनिवारपासून सल्ले सुरू झाले. यातल्या एकालाही हा खेळ पुरता कळत नव्हता, बरं का. बॉल उंच उडून पाठीमागे गेला, म्हणजे फाउल गेला, तरी टाळ्या पडायच्या. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, लोअर हटला मुलाकडे आलेले. ते दर वेळी मी परत येताना शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, की गुणवत्ता आहे हो, पण नुसतं मातेरं चाललंय. एक वहिनी म्हणाल्या, डाळिंब खात जा. कुणी म्हणालं ग्रिप बदल, कुणी म्हणालं चष्मा लागला असेल. मला अस्सा संताप यायचा! पैसे भरून तिकीट काढल्यासारखे बसायचे सगळे.

बाबा मैदानावर बोलायचे नाहीत. गाडीत बसल्यावरही नाहीत. गाडी घरी गॅरेजमध्ये शिरली, इंजिन बंद झालं की म्हणायचे, ‘डोळा नसतो तुझा बॉलवर.’ झालं. एवढंच. मग रविवारी पुण्याला फोन, आणि त्यात माझ्या फॉर्मची चर्चा. कोथरूडमध्ये माझ्या चुलत नणंदा, त्यांचे शेजारी, ज्यांनी सॉफ्टबॉलचा बॉल डोळ्यांनी पाहिलेला नाही ते सगळे माझ्या फॉर्मबद्दल हळहळत होते. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग. तो म्हणाला, त्यांना तुझ्याबद्दल वाटतं म्हणूनच ना. वाटतं ते मला कळत होतं. तेच तर टोचत होतं.

डिसेंबरात सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या मते प्रश्न खेळाचा नव्हताच, मला दृष्ट लागली होती. इतक्या माणसांसमोर पहिल्याच दिवशी एवढा मोठा फटका मारल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी घरी मिरच्या जाळून बघितल्या, तर धुराचा अलार्म वाजून शेजारी धावत आले. तेव्हा पुढच्या शनिवारी त्या मीठमोहऱ्या पदरात बांधून थेट मैदानावर घेऊन आल्या. मॅच सुरू व्हायच्या आधी मला एका बाजूला उभं केलं आणि मूठ उतरवायला लागल्या, वरून खाली, वरून खाली, तोंडाने पुटपुटत. समोरच्या टीमची कोच डोळे बारीक करून आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं, या आमच्या टीमच्या गुप्त खुणा चालल्या आहेत.

आता मीठमोहऱ्या टाकायच्या कुठे? विस्तवात टाकाव्या लागतात. आणि मैदानावर विस्तव एकच, तो म्हणजे क्लबची शेगडी. तिथे कोचचा नवरा सॉसेज आणि कांदा परतत उभा असायचा, विकून क्लबसाठी पैसे जमवायला. सासूबाई चपलांचा आवाज करत गेल्या आणि मूठ त्या तापलेल्या लोखंडावर मोकळी केली. मोहऱ्या तडतडल्या. त्यांनी समाधानाने मान हलवली, कारण तडतडणं म्हणजे दृष्ट निघाली. तो सज्जन माणूस म्हणाला, ‘किया ओरा, आंटी,’ म्हणजे त्यांच्याकडचा नमस्कार, आणि त्याने ते सगळं कांद्यात नीट कालवून टाकलं. म्हणजे माझी दृष्ट त्या दिवशी दोन्ही टीमनी पावात घालून खाल्ली, वर कांदा आज फार छान झालाय म्हणून सांगितलं. मी तीनदा आउट झाले.

जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिकडे त्याला पुरुषही येत. मागच्या अंगणात चटया टाकल्या होत्या, वारा सुटला होता आणि कागदी प्लेटा उडत होत्या. मी दारात उभी राहून एकेकाच्या हातावर तिळगूळ ठेवत होते. वर्षातला हा एक दिवस माणसं ठरवून गोड बोलतात. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येकाने तिळगूळ तोंडात टाकला आणि माझ्या बॅटिंगवर बोलायला सुरुवात केली. डाळिंबवाल्या वहिनी, चष्मावाले, सगळे. बँकेचे काका लाडू फोडत म्हणाले, की एवढ्या लांबून पेट्रोल जाळून यायचं आणि बघायचं काय, तर मुलीने हवेत पंखा फिरवायचा. सगळे हसले. मी बाबांकडे बघितलं. बाबाही हसत होते.

माझ्या हातात वाटी होती ती मी खाली ठेवली. ‘येत्या शनिवारी कुणीही यायचं नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्हीसुद्धा नाही, बाबा. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं.’

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. संक्रांतीच्या दिवशी, दारात आलेल्या माणसांना, सासऱ्यांना! मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही, आणि खोटं कशाला बोलू, आजही पूर्ण झालेला नाही. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले. चहा दिला की पेपर वर धरायचे.

शनिवारी खरंच कुणी आलं नाही. नवऱ्यालाही मी घरीच ठेवलं. मैदानाची ती बाजू रिकामी, नुसतं गवत. मला काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! आज दाखवते, म्हटलं. पहिली पाळी आली. राइजर आला, कमरेवर, लाडूसारखा. मी फिरवला. दुसऱ्या पाळीला परत तेच. तिसऱ्या पाळीला तिसरा स्ट्राइक पडल्यावर मी पाठीमागे वळून बघितलं, सवयीने, कुणावर तरी डोळे वटारायला. तिथे कुणीच नव्हतं.

तेव्हा मात्र मी बॅट टेकवून तिथेच उभी राहिले. इतके महिने मी ज्यांच्या नावाने खडे फोडत होते ती माणसं आपापल्या घरी जेवत होती, आणि मी तरीही खांद्यावरच्या बॉलच्या मागे लागले होते. होमरन त्यांना हवा होता हे खरं. पण त्यांच्यापेक्षा जास्त मला हवा होता. मला परत तो आवाज ऐकायचा होता, खुर्च्या पडल्याचा, बाबांच्या सिक्सरचा. माझा हावरटपणा मी त्यांच्या माथी मारला होता.

मॅचनंतर कोचने मला तिच्या गाडीपाशी बोलावलं. ती उगाच गोड बोलणारी नव्हती. तिने सांगितलं, की क्लबमध्ये तुझ्याइतका हात कुणाचा नाही, आणि म्हणूनच इतके दिवस तुला खेळवलं, पण आता बाकीच्या मुलींवर अन्याय होतोय. ‘पुढच्या शनिवारपासून तू बाकावर,’ ती म्हणाली. ‘बसायची तयारी असेल तर ये. नसेल तर शर्ट धुऊन परत दे.’

शर्ट मी धुतला. दोरीवर वाळत घातला आणि मागच्या पायरीवर बसून बघत राहिले. परत देणं सोपं होतं. शाळेत काम वाढलंय म्हणून सांगितलं असतं, मंडळींनीही दोन दिवस हळहळून विषय सोडला असता. मग मी परत कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी सून, आणि दूध घेऊन येताना कडेला उभं राहून बघायचं. नाही म्हटलं. एवढं सगळं सोडलं त्यात हे नाही सोडणार. बसवा बाकावर. पण मी लपून बसणार नाही.

आमच्या मराठी मंडळाची एक इमेलची यादी होती, त्यावर एरवी खोल्या भाड्याने देणं-घेणं चालायचं. त्यावर मी दोन ओळी टाकल्या. शनिवारी मी बाकावर आहे, खेळवतीलच असं नाही, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. मग बाबांच्या खोलीत गेले. त्यांनी पेपर वर धरला होता. मी पेपरलाच सांगितलं, की संक्रांतीला बोलले ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, आणि शनिवारी मला बाकावर बसवणार आहेत, बघायला याल का? पेपर खाली आला नाही. मागूनच आवाज आला, की किती वाजता निघायचंय.

शनिवारी यच्चयावत सगळे आले. बघ्यांना काय, पडलेलं माणूस बघायला जास्त मजा. बँकेचे काका तर पहिल्या रांगेत.

बाकावरच्या खेळाडूला एक काम असतं, ते मला तोवर माहीत असून नसल्यासारखं होतं. फाउल गेलेले बॉल पळत जाऊन आणायचे. वारा आमच्याच बाजूला होता. एक बॉल गेला तो थेट मराठी खुर्च्यांत. मी धावत गेले, चिवड्याच्या डब्यांमधून वाट काढत. बॉल बँकेच्या काकांच्या खुर्चीखाली घरंगळला होता. मी गुडघ्यावर बसून हात घातला. काका वरून म्हणाले, ‘अरेरे, आता बॉल गोळा करायला ठेवलंय का तुला?’

माझे कान तापले. तोंडात उत्तर तयार होतं, आणि ते चांगलं नव्हतं. पण त्याआधी शेजारच्या खुर्चीतून बाबा बोलले. आवाज चढवला नाही, काकांकडे बघितलंही नाही.

‘टीममध्ये आहे ती,’ बाबा म्हणाले. ‘पाय घ्या जरा बाजूला, बॉल काढू दे तिला.’

काकांनी पाय घेतले. मी बॉल काढला, उठले, आणि बाबांकडे न बघता पळत सुटले, कारण बघितलं असतं तर रडले असते, आणि शर्ट घालून मला रडायचं नव्हतं. त्यानंतर मी सात-आठ बॉल आणले असतील, एकेक धावत. चालत एकही नाही.

शेवटच्या डावात आम्ही तीन रनांनी मागे होतो. आधीच्या डावात एक मुलगी बेसवर सरकताना घोट्यात लचकली होती आणि आता तिची पाळी आली. तिच्या जागी कोण, म्हणून कोचने बाकाकडे बघितलं. बाकावर मी आणि सतरा वर्षांची एक पोर. कोच मला म्हणाली, हेल्मेट घाल.

मी जागेवर जाऊन उभी राहिले. मागून ‘मार, मार’ सुरू झालं. बाबांचा आवाज त्यात नव्हता. पहिला राइजर आला आणि मी, कर्म माझं, फिरवला. दुसरा आला. तोही फिरवला. दोन स्ट्राइक. मागे कुणीतरी खुर्ची घडी केल्याचा आवाज आला, म्हणजे निघायची तयारी. एक चूक आणि मी परत बाकावर, बहुधा कायमची.

तिसरा आला तो तसाच, कमरेवर. सगळं अंग पुढे जायला निघालं होतं. मी दात आवळले आणि बॅट खांद्यावर दाबून धरली. बॉल चढला, हनुवटीसमोरून गेला. अंपायर म्हणाला, बॉल. म्हणजे टप्प्याबाहेरचा. असे चार मिळाले की पहिला बेस फुकट, चालत जायचं. पिचरने परत तोच टाकला. सोडला. परत टाकला. सोडला. तिचंही बरोबर होतं, मी हावरट आहे हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. मारण्यापेक्षा न मारायला जास्त जोर लागत होता. शेवटचा आला तो इतका लाडूसारखा आला, की क्षणभर मला वाटलं हा चढणारच नाही. मी हलले नाही. तो चढला.

अंपायरने पहिल्या बेसकडे हात केला. बाकावरून आमच्या मुली किंचाळत होत्या, कोचने फक्त मान हलवली. मी बॅट खाली ठेवली आणि चालत गेले. मराठी खुर्च्यांकडून आवाज नाही. त्यांना कळलंच नव्हतं की काही झालंय. मी बेसवर उभी राहिल्यावर काकांचा आवाज आला, की अगं पण मारलास कुठे?

मी वळले. सगळे माझ्याकडे बघत होते, बाबा खुर्चीच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर.

‘नाही मारला, काका,’ मी इथून तिथवर ऐकू जाईल असं म्हटलं. ‘पोचले.’

आणि बेसवर पाय रोवून दुसऱ्या बेसकडे तोंड केलं.